आजी का रडते? रससूत्र, ॲरिस्टॉटल आणि आमच्या जत्रेतला हरिश्चंद्र

एम.ए.च्या पहिल्या वर्षी रससूत्र, म्हणजे नाटकात रस कसा तयार होतो हे सांगणारं भरतमुनींचं सूत्र, मी एसटीत पाठ केलं. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरीच्या काठचं. सकाळच्या गाडीत पुढे दुधाच्या कॅन आणि मागे आम्ही पासवाले. मांडीवर गाईड उघडं ठेवून मी पुटपुटत असायचे, ‘विभावानुभावव्यभिचारिसंयोगाद्रसनिष्पत्तिः’. शेजारी बसणाऱ्या एका मावशींनी एकदा विचारलंच, “कोणतं स्तोत्र आहे गं, रोज म्हणतेस?” मी म्हटलं, “परीक्षेचं.”

त्या प्रश्नाला मार्क बरे पडले. 8 रस, त्यांचे 8 स्थायी भाव, 33 व्यभिचारी, 8 सात्त्विक, भावांची एकूण बेरीज 49, सगळं ओळीनं लिहिलं होतं. कळलं मात्र काही नव्हतं. उत्तर तोंडपाठ, पण ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो प्रश्न मला पुढे घरीच सापडला, आजीपाशी.

आमच्या गावची जत्रा चैत्रात भरते. रात्री तमाशा असतो आणि वग बहुतेक वेळा हरिश्चंद्राचा. गोष्ट सगळ्यांना पाठ. विश्वामित्राला राज्य दिलं, दक्षिणेसाठी बायको-पोर विकलं, स्वतः स्मशानात चाकरी धरली. मग साप चावून मेलेला रोहिदास घेऊन तारामती त्याच स्मशानात येते आणि राजा आपल्याच पोराच्या सरणाचा कर तिच्याकडे मागतो. इथे आजी रडते. दरवर्षी रडते. यंदाही आपण रडणार हे तिला घरातून निघतानाच ठाऊक असतं. गोष्ट पाठ आहे, रोहिदास शेवटी उठणार आहे, तारामतीचं काम करणारी बाई सकाळी चौकात चहा पिताना दिसणार आहे. तरी झोप मोडून, गोणपाट काखेत मारून आजी निघते, पोटभर रडते आणि पहाटे घरी येते ती चांगली खुशीत.

मी एकदा अहिराणीतच विचारलं, “आजी, ते तर खोटं शे ना? मंग तू काब्र रडस?”

“खोटं शे म्हनीसन तर रडस,” आजी म्हणाली आणि चुलीकडे वळली.

खोट्या दुःखानं डोळ्यांत खरं पाणी का येतं? आणि आलं तर वाईट वाटायचं सोडून बरं का वाटतं? साहित्यशास्त्राचा अर्धाअधिक पेपर या दोन प्रश्नांवर उभा आहे. गाईडात ते छापायचं राहून गेलंय, एवढंच.

आता सूत्राकडे वळू. ‘नाट्यशास्त्र’ हा ग्रंथ भरतमुनींच्या नावावर आहे. त्याचा काळ अभ्यासक साधारण इ.स.पूर्व 200 ते इ.स. 200 असा धरतात. अध्याय 36, काही प्रतींत 37. रंगमंच किती हात लांब असावा इथपासून भुवया कशा उडवाव्यात इथपर्यंत त्यात सगळं आहे. रसाची चर्चा सहाव्या अध्यायात येते आणि सूत्र सांगून झाल्यावर भरत लगेच उदाहरण देतो ते स्वयंपाकाचं. नाना मसाले, पाला, गूळ वगैरे जिन्नस एकत्र आले की त्यातून जशी एक चव तयार होते, तसा नाना भाव एकत्र आले की रस तयार होतो. रस म्हणजे जे चाखलं जातं ते. मला हे कळलं तेव्हा जरा रागच आला. एवढं सोपं उदाहरण मूळ ग्रंथातच असताना आम्हाला व्याख्या घोकायला का लावल्या?

आपल्याकडचं भरीत घ्या. पऱ्हाट्यांवर भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल. यातली एकेक गोष्ट वेगळी खाल्ली तर भरिताची चव कशातच नाही. नुसतं भाजलेलं वांगं तर आजाऱ्याचं जेवण. पण सगळं एकत्र ठेचलं की जे होतं ते घासात वेगवेगळं काढून दाखवता येत नाही. सूत्रातला ‘संयोग’ म्हणजे हे ठेचणं.

यातले जिन्नस कोणते? स्मशानाचाच प्रवेश घेऊ. ज्यामुळे भाव जागा होतो तो विभाव. इथे मेलेला रोहिदास हा मुख्य, म्हणजे आलंबन विभाव. रात्र, धूर, कोल्ही ओरडल्याचा आवाज, पोराच्या अंगावरचं फाटकं वस्त्र, यांनी भाव आणखी पेटतो, म्हणून ते उद्दीपन विभाव. भाव जागा झाल्यावर अंगातून जे बाहेर दिसतं तो अनुभाव, म्हणजे तारामतीचं ऊर बडवणं, जमिनीवर पडणं. आणि मधेच येऊन जाणाऱ्या लहरी ते व्यभिचारी भाव. पोराचं बोलणं आठवतं, ती स्मृती. आता कर कुठून द्यायचा, ही चिंता. आपण कोण होतो आणि काय झालो, हे दैन्य. लाटा येतात-जातात, खाली पाणी एकच असतं आणि ते इथे शोकाचं आहे. तो स्थायी भाव. शोकाचा चाखता येण्यासारखा झालेला अवतार म्हणजे करुण रस.

आता गंमत अशी की सूत्रात स्थायी भावाचं नावच नाही. विभाव आहे, अनुभाव आहे, व्यभिचारी आहे आणि शेवटी एकदम रसनिष्पत्ती. मुख्य वांगंच यादीतून गायब! शिवाय ‘निष्पत्ती’ म्हणजे नेमकं काय, नवं जन्मणं, ओळखू येणं की आधीच असलेलं उघडं होणं, हेही भरत स्पष्ट करत नाही. या दोन मोकळ्या जागांवर पुढच्या पंडितांनी काही शतकं वाद घातला. लोल्लट, शंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त ही गाईडातली चार नावं त्या वादातली आहेत. पहिल्या तिघांचे ग्रंथ आज हाती नाहीत. त्यांचं म्हणणं आपल्याला कळतं ते मुख्यतः काश्मीरच्या अभिनवगुप्तानं इ.स. 1000च्या आसपास लिहिलेल्या ‘अभिनवभारती’ या ‘नाट्यशास्त्रा’वरच्या भाष्यातून, म्हणजे त्यांना खोडून काढणाऱ्याच्याच तोंडून.

भांडण कशावरून? शोक आहे तरी कुणाचा, यावरून.

लोल्लट म्हणतो, मूळ हरिश्चंद्राचा. त्याचाच शोक वाढून रस होतो आणि नट त्याच्याशी एकरूप झाल्यामुळे तो आपल्याला नटात दिसतो. हे काही मला पटलं नाही. आमच्या जत्रेतला हरिश्चंद्र प्रवेश संपला की कनातीमागे जाऊन बिडी ओढतो आणि ढोलकीवाल्याला ‘लय पडली’ म्हणून झापतो. शोकानं खरंच व्याकूळ झालेल्या माणसाला लय पडलेली कळेल का?

शंकुकाचं म्हणणं जास्त हुशारीचं आहे. तो म्हणतो, शोक नटात नसतो, पण त्याच्या कसबी अनुकरणावरून आपण तो तिथे आहे असं अनुमान करतो. यासाठी त्याचा दाखला आहे चित्रातल्या घोड्याचा. चित्र पाहून आपण ‘घोडा’ म्हणतो. हा खरा घोडा आहे असं आपण समजत नाही, खोटा आहे असंही म्हणत बसत नाही, आहे की नाही असा संशयही नसतो आणि ‘घोड्यासारखं काहीतरी’ असंही मनात येत नाही. चारही नाही, तरी घोडा. मला यावर पोळ्याचे मातीचे बैल आठवले. आई त्यांची पूजा करते, नैवेद्य दाखवते. त्या वेळी तिला ‘हे खरे आहेत का’ असं विचारलं तर प्रश्नच चुकीचा ठरतो. नाटक पाहण्याची ही जी चौथ्याही पलीकडची जागा आहे, ती शंकुकानं नेमकी पकडली. पण अनुमानानं चव येत नाही, अशी त्याच्यावर टीका झाली आणि ती बरोबर आहे. धूर बघून आत चूल पेटलीय एवढं कळतं, त्यानं पोट भरत नाही.

मग येतो भट्टनायक. माझ्या मते या सगळ्या चर्चेतली सर्वांत मोठी उडी त्याची. तो म्हणतो, शोक हरिश्चंद्राचा मानला तर परक्याच्या दुःखाशी आपल्याला काय? आणि स्वतःचा मानला तर आपण तिथून उठून पळू. मग कुणाचा? कुणाचाच नाही. काव्यात आणि नाटकात अशी एक शक्ती असते की ती भावाला चिकटलेली मालकी सोडवते. ‘तारामतीचं पोर’ यातलं तारामतीपण गळतं, ‘माझं पोर’ यातलं माझेपण गळतं आणि पोर गेल्याचं दुःख तेवढं उरतं. याला त्यानं नाव दिलं साधारणीकरण. परीक्षेत या शब्दावर हमखास टीप येते. ‘साधारण’ म्हणजे इथे सामान्य किंवा यथातथा नव्हे. सगळ्यांचं, सामाईक. गावाच्या गायरानासारखं, ज्याचा सातबारा कुणा एकाच्या नावावर नसतो.

अभिनवगुप्तानं साधारणीकरण स्वीकारलं आणि पुढे विचारलं, की मग ते दुःख चाखतं कोण? प्रत्येकाच्या मनात शोक, भय, प्रेम यांचे संस्कार आधीपासूनच निजलेले असतात. त्यांना तो वासना म्हणतो. नाटक बाहेरून काही आणून ओतत नाही, निजलेलं जागं करतं. त्याचं उदाहरण ‘शाकुंतल’च्या पहिल्या अंकातलं आहे. दुष्यंताच्या रथापुढे हरीण पळतंय, मान वळवून मागे बघतंय, दमून उघड्या तोंडातून अर्धवट चावलेलं गवत वाटेवर सांडतंय. श्लोक ऐकताना आपल्याला भय जाणवतं. पण ‘हरीण भ्यालंय’ अशी ती बातमी नसते आणि ‘मी भ्यालोय’ अशी धडकीही नसते. नुसतं भय, समोर धरून बघता येईल असं.

आणि मग तो रसाच्या आड येणारी 7 विघ्नं सांगतो. इथे मी वाचता वाचता थांबले. सातही सांगत बसत नाही, माझा जीव तिसऱ्यावर अडकला. त्याचं म्हणणं असं की माणूस स्वतःच्याच सुखदुःखानं बांधला गेलेला असेल, तर त्याला रस मिळत नाही.

मी सहावीत होते तेव्हा काका गेला. विहिरीवर मोटर चालू करताना शॉक लागला. पुढची जत्रा आली. आजीला शेजारणी ओढून घेऊन गेल्या, म्हणाल्या, तेवढंच मन रमेल. तारामती रोहिदासाला घेऊन आली आणि आजी उठली. रडली नाही. गोणपाटसुद्धा तिथेच टाकून घरी आली आणि ओट्यावर बसून राहिली. मी तिच्यामागे पळत आले होते. तिकडून ढोलकी ऐकू येत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “ते खोटं नही व्हतं.”

पुस्तकातलं हे तिसरं विघ्न वाचताना मला ‘खोटं शे म्हनीसन तर रडस’ या वाक्याचा अर्थ लागला. त्या वर्षी पोर सामाईक राहिलं नव्हतं. सातबाऱ्यावर नाव चढलं होतं.

अभिनवगुप्त यावर उपायही सांगतो आणि तो मला फार आवडतो. स्वतःच्या दुःखात अडकलेल्याला मोकळं करायला वाद्यं आहेत, गाणं आहे, सजवलेला मंडप आहे, कसबी नर्तकी आहेत. म्हणजे ढोलकी, लावणी, झगमगता तंबू. ज्यांना आमच्याकडचे शिकलेले लोक ‘वगाच्या आधीचा धांगडधिंगा’ म्हणतात, ते सगळं शास्त्रात औषध म्हणून लिहून ठेवलंय. तसंच समोरची गोष्ट अमक्याच जागेची, अमक्याच काळाची वाटत राहणं, या विघ्नावर तो नाटकाआधीचे पूर्वरंग आणि प्रस्तावना हा उपाय सांगतो. आधी नट नट म्हणूनच दिसतो आणि मग मुकुट चढवून त्यामागे लपतो, त्यामुळे तो ना इथला उरतो ना तिथला. तमाशात गण होतो, गौळण होते, बतावणीत सोंगाड्या गावच्या सरपंचालाही चिमटा काढतो आणि तोच माणूस नंतर विश्वामित्र होऊन येतो. कुणाला खटकत नाही. संस्कृत रंगभूमीचा धागा थेट तमाशाला जोडावा असं मी म्हणत नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण अडचण दोघांची एकच होती, हे दिसतं.

आणि ‘सहृदय’? काव्याच्या सरावानं ज्याचं मन आरशासारखं लख्ख झालंय आणि जो समोरच्या गोष्टीत रमू शकतो तो सहृदय, असं अभिनवगुप्त म्हणतो. आम्ही वहीत लिहिलं, ‘सहृदय म्हणजे विद्वान रसिक’. पन्नास-साठ वर्षं जत्रा, कीर्तनं, वहीगायन आणि कानबाईची गाणी ऐकलेली माझी आजी या व्याख्येत बसते. एम.ए.च्या पहिल्या वर्षीची मी बसत नव्हते.

याच पेपरात दुसरा अर्धा भाग ग्रीकांचा. ॲरिस्टॉटल, इ.स.पूर्व 384 ते 322. त्याच्या ‘पोएटिक्स’ या काव्यावरच्या ग्रंथात ट्रॅजेडीचे, म्हणजे शोकांतिकेचे, 6 घटक सांगितलेत: कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. यादी पाठ करण्यापेक्षा एक फरक बघा. ॲरिस्टॉटल म्हणतो, कथानक हा ट्रॅजेडीचा आत्मा. भरत म्हणतो, कथानक हे नाट्याचं शरीर. एकाच गोष्टीला एकानं आत्मा म्हटलं, दुसऱ्यानं शरीर. दोघांच्या मनात आत्म्याची जागा कुठे आहे, ते यावरून कळतं. ॲरिस्टॉटल गोष्ट कशी बांधली हे तपासतो, भरत ती चाखणाऱ्याच्या जिभेवर काय उतरलं ते बघतो.

बांधणी म्हणजे काय, हे मी आजीला ‘ईडिपस’ सांगून पाहिलं. सोफोक्लीसचं नाटक, साधारण इ.स.पूर्व 429चं. आम्ही शेंगा फोडत बसलो होतो. थीब्ज नगरीत रोगराई पसरलीय. आधीच्या राजाचा खुनी सापडला की ती हटेल, असा देवाचा कौल येतो. ईडिपस राजा शपथ घेतो की मी त्याला शोधीनच. बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, असं भाकीत त्याला पूर्वीच ऐकवलेलं आहे. ते टाळायला तो आपलं कॉरिंथ सोडून आलाय. आता कॉरिंथहून निरोप्या येतो. तुझे वडील वारले, म्हणतो. ईडिपस म्हणतो, चला, भाकितातला एक धोका टळला, पण आई अजून आहे. निरोप्या त्याची चिंता घालवायला म्हणून हसत सांगतो, अरे, ती तुझी आईच नाही, मेंढपाळाकडून तुला घेऊन मीच तर त्यांना दिला.

आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दिलासा द्यायला आलेल्या माणसानंच सगळं उलटवलं, यालाच ॲरिस्टॉटल पेरिपेटिया म्हणतो आणि त्यासाठी उदाहरण देतो ते याच निरोप्याचं. कलाटणी बाहेरून आणून टाकलेली नाही, आधीच्या गोष्टीतूनच ती निघाली. त्यासोबत कोण खरं कोण आहे ते उमगणं, ती ओळख म्हणजे अनॅग्नोरिसिस. आणि हमार्तिया या शब्दाचा धागा नेमबाजीपर्यंत जातो. ज्या ग्रीक क्रियापदापासून तो आला, त्याचा एक अर्थ नेम चुकणं. गाईडात मात्र ‘नायकाच्या स्वभावातील दोष’ असं छापलेलं असतं आणि आम्ही ‘ईडिपस गर्विष्ठ होता’ असं लिहून मोकळे होतो. आजीनं असलं काही विचारलं नाही. तिचा प्रश्न होता, की मेंढपाळानं पोर वाचवलं हे चांगलंच केलं ना? या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि अख्खं नाटक त्यावर उभं आहे असं मला वाटतं.

ट्रॅजेडी बघताना करुणा आणि भीती यांचं जे होतं, त्याला ॲरिस्टॉटल कॅथार्सिस म्हणतो. त्याचं मराठी ‘विरेचन’, शब्दशः पोट साफ करणं. वर्गात सरांनी फळ्यावर हा शब्द लिहिला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ‘एरंडेल’ म्हणालं आणि वर्ग हसला. हसण्यासारखं होतं, पण चुकीचं नव्हतं. ॲरिस्टॉटलचा बाप वैद्य होता आणि याकोब बेर्नाइस या जर्मन पंडितानं 1857मध्ये कॅथार्सिसचा अर्थ असा वैद्यकीयच लावला: करुणा आणि भीती साठतात, नाटक त्या काढून टाकतं. इतर म्हणतात, काढून टाकणं नव्हे, शुद्ध करणं. आणखी कुणी म्हणतात, भावना नव्हे, समज स्वच्छ होते. वाद मिटत नाही, कारण ट्रॅजेडीच्या व्याख्येत हा शब्द वापरून ॲरिस्टॉटल पुढे निघून जातो. ‘पॉलिटिक्स’मध्ये तो सांगतो, याचा खुलासा काव्यावरच्या ग्रंथात करीन, आणि हाती असलेल्या ग्रंथात तो खुलासा नाही.

‘संस्कृतमध्ये ट्रॅजेडी का नाही?’ हा परीक्षेचा आणखी एक लाडका प्रश्न. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगमंचावरच मरतो, हा त्याला अपवाद. पण मला गंमत वाटली ती हरिश्चंद्राला ॲरिस्टॉटलपुढे उभं केल्यावर. शेवटी हरिश्चंद्राला तारामतीचाच शिरच्छेद करायचा हुकूम होतो, तो तलवार उगारतो आणि देव हात धरतो. ‘पोएटिक्स’च्या चौदाव्या प्रकरणात अशा प्रसंगांची प्रतवारी आहे. नात्याच्या माणसाला न ओळखता मारायला निघणं आणि ऐनवेळी ओळख पटून थांबणं, हे तिथे सर्वांत उत्तम. ओळखून, जाणूनबुजून मारायला निघणं आणि मग काहीच न घडणं, हे सर्वांत वाईट. म्हणजे आमचा वग ॲरिस्टॉटलच्या हिशेबात नापास. भरताच्या हिशेबात मात्र पास, कारण नाटकाच्या शेवटच्या संधीत, म्हणजे कथानकाच्या शेवटच्या टप्प्यात, अद्भुत रस हवाच, असं तो सांगतो. पोर उठतं, देव प्रकटतो, आरसपानी उजेड पडतो. तराजूच दोन आहेत, एकाचा माल दुसऱ्यात तोलून ‘आपल्याकडे हे नाही’ म्हणून खंत करण्यात काही अर्थ नाही, असं मी पेपरात लिहिलं. त्याला मात्र मार्क कमी पडले.

यंदा चैत्रात मी आजीबरोबर गेले. गोणपाट, पाण्याची बाटली, गोडीशेवचा पुडा. रात्री उशिरा तारामती आली. रोहिदासाचं काम करणारा पोरगा असेल दहा-अकरा वर्षांचा. त्याला खाली टेकवलं आणि तिनं सूर लावला. आजीचा पदर डोळ्यांकडे गेला. मी मनातल्या मनात विभाव-अनुभाव मोजायला लागले, जित्याची खोड. तेवढ्यात त्या मेलेल्या पोराला डास चावला असावा, त्यानं हळूच एका पायानं दुसरा पाय खाजवला. मला हसू फुटलं.

आजीनं कोपरानं ढोसलं.

“गप बस. तो मरेल शे.”